थंडीचं बिल: मनिलाहून सुवॉनला कामाला जाताना

मनिलात जानेवारीची थंडी म्हणजे पहाटे पारा २३-२४ अंशांवर येतो आणि जीपनीत बसलेली माणसं पातळ जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतात. शहराच्या नोंदींतलं सर्वांत कमी तापमान १४.५ अंश आहे, तेही १९१४ च्या जानेवारीतलं. बागियो हे फिलिपिन्सचं थंड हवेचं ठिकाण. तिथला नीचांक ६.३ अंशांचा, १८ जानेवारी १९६१ चा. अशा देशातल्या नोकरदार माणसाला ऑफिसचा निरोप येतो की जानेवारीत दोन आठवडे कोरियात ट्रेनिंग आहे, तयारी करा. सोलमध्ये जानेवारीतली सरासरी पहाट उणे साडेपाच अंशांची आणि दुपार जेमतेम दोन अंशांची. तिकीट कंपनी काढते, हॉटेल कंपनीचं, जेवणाला भत्ता. थंडीचा खर्च मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि तो निमूटपणे माणसाच्या पगारातून जातो.

तो नेमका किती होतो, याचा पावत्यांसकट हिशेब मला मिळाला लागुना प्रांतातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात गुणवत्ता तपासणी सांभाळणाऱ्या बाईंकडून. यंत्रं पुरवणाऱ्या कोरियन कंपनीने ग्राहक कारखान्यांतली माणसं सुवॉनला बोलावली होती. सुवॉन सोलच्या दक्षिणेला, एक नंबरच्या मेट्रोने जाण्यासारखं. त्याच वर्गात आमचे रांजणगावचे एक स्नेही होते, त्यांनी गाठ घालून दिली. बाईंनी हॉटेलच्या लेटरहेडवर रोजचा खर्च मांडला होता, आणि मला वाटतं हे मार्गदर्शन लिहायला त्याहून चांगला कागद मिळणार नाही.

आपल्याकडे याची गरज कुणाला? तळेगाव, रांजणगाव, माणगावजवळचं विळे-भागाड अशा ठिकाणी कोरियन कारखाने आहेत आणि तिथून माणसं ट्रेनिंगला जातात. मुंबईकर किंवा रायगडचा माणूस थंडीच्या बाबतीत मनिलाकराच्याच रांगेत उभा असतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंश आहे, जानेवारी १९६२ मधला. पुणेकर स्वतःला थंडीतला जाणकार समजतो, पण आमचे स्नेही पहिल्याच सकाळी स्वेटरवर मफलर गुंडाळून बाहेर पडले आणि बसस्टॉपवरून परत खोलीत आले.

हिशेबाच्या सोयीसाठी एक पेसो म्हणजे दीड रुपया आणि हजार वॉन म्हणजे चाळीस पेसो किंवा साठ रुपये धरले आहेत. भाव हंगामाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे खालीवर होतील.

आधी मिनिटं मोजा

बाईंच्या कारखान्यातून आणखी एक गृहस्थ त्याच ट्रेनिंगला गेले. त्यांनी निरोप मिळाल्या संध्याकाळी मकातीतल्या मॉलमध्ये जाऊन साडेदहा हजार पेसोंचं स्कीइंगचं जॅकेट घेतलं. जॅकेट उत्तम होतं. बर्फाच्या डोंगरावर दिवसभर राहण्यासाठी ते बनलेलं होतं आणि त्यांना राहायचं होतं हीटर लावलेल्या वर्गात.

बाईंनी कोरियातल्या समन्वयकाला आधी एक साधा प्रश्न विचारला: दिवसात मी उघड्यावर किती वेळ असेन? उत्तर आलं की हॉटेलपासून बसस्टॉप आठ मिनिटं, तिथे पाच-सात मिनिटं थांबणं, कारखान्याच्या फाटकापासून इमारत पाच मिनिटं, संध्याकाळी हेच उलट, आणि जेवायला बाहेर पडलात तर तेवढंच आणखी. म्हणजे कामाच्या दिवशी पाऊण-एक तास, तोही तुकड्यातुकड्यांनी. बाकी वेळ घरात, जिथे कोरियन लोक जमिनीखालून गरम पाणी फिरवून फरशी तापवतात आणि मोजे घालून बसणाऱ्याला घाम येतो.

हे उत्तर हातात आलं की खरेदीची यादीच बदलते. चटकन काढता-घालता येतील असे थर लागतात. एकच जाडजूड कपडा आत उकडतो आणि बाहेर पुरत नाही. ‘तिथे उणे पंधरा असतं’ असं कुणी सांगितलं तर घाबरून जाऊ नका, ते खोटंही समजू नका. पहाटेचं तापमान सलग दोन दिवस उणे बारा किंवा त्याखाली राहणार असेल तर कोरियाचं हवामान खातं थंडीच्या लाटेचा इशारा देतं, उणे पंधरा असेल तर त्यावरचा. ८ जानेवारी २०२१ ला सोलमध्ये उणे १८.६ नोंदलं गेलं होतं. पण लाट येते आणि ओसरते. तीन दिवस थंडी, चार दिवस उतार, असा ठोकताळाच कोरियन लोकांनी पूर्वीपासून बांधलेला आहे. तो हल्ली फारसा पाळला जात नाही अशी त्यांचीच तक्रार असते.

खरा खर्च वाऱ्यामुळे वाढतो. उणे पाच अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा असला तर अंगाला ते उणे बारासारखं लागतं. सायबेरियावरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून निघालेली हीच हवा पुढे समुद्रावरून तापत, बाष्प घेत फिलिपिन्सच्या लुझोन बेटाला पोचते आणि मनिलातली माणसं तिला अमिहान म्हणून कौतुकाने अंगावर घेतात. बाई म्हणाल्या, वारा ओळखीचा होता, वागणूक नव्हती.

मनिलात काय घ्यायचं

अंगालगतचा थर घरूनच न्यावा. तो विमानातून उतरल्याबरोबर लागतो आणि मापात बसावा लागतो. जपानी युनिक्लोची मनिलात २०१२ पासून दुकानं आहेत आणि त्यांचा हीटटेक हा थर्मलचा प्रकार तिथे बाराही महिने मिळतो. तो तीन जाडींत येतो. पातळ, त्याहून उबदार आणि सर्वांत जाड. दिवसाचा बहुतेक वेळ घरात जाणार असेल तर सर्वांत जाड घेऊ नये, वर्गात बसवत नाही. बाईंनी दोन बनियन ७९० पेसोंचे आणि दोन पायजमे ९९० चे घेतले. तीन हजार पाचशे साठ. ही एक गोष्ट त्यांनी नवी आणि पूर्ण किमतीला घेतली आणि मला ते बरोबर वाटतं. आपल्याकडे लुधियानाच्या कंपन्यांचे थर्मल कमी पैशांत मिळतात आणि पाऊण तासाच्या थंडीला ते पुरतात. फक्त सुती घेऊ नका. सुती कपडा घाम शोषून ओला राहतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. जीन्सचंही तेच.

दुसरा थर म्हणजे फ्लीसचं जॅकेट किंवा लोकरीचा स्वेटर. यासाठी फिलिपिनो माणूस मॉलकडे वळत नाही, तो उकाय-उकायमध्ये जातो. परदेशातून गाठोड्यांनी आलेले वापरलेले कपडे विकणारी ही दुकानं गल्लोगल्ली आहेत. बागियोच्या हॅरिसन रोडवर रात्री नऊनंतर रस्ता बंद करून त्यांचा बाजारच भरतो. गंमत म्हणजे वापरलेले कपडे व्यापारासाठी आयात करायला १९६६ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा कागदावर आहे आणि गाठोडी रस्त्यावर आहेत. या गाठोड्यांत कोरिया-जपानमधले हिवाळी कपडे भरपूर असतात, पण मनिलात त्यांना गिऱ्हाईक कमी. म्हणून स्वस्त.

इथे कपडा कसा पारखायचा ते बाईंनी हाताने करून दाखवलं. आधी चेन दोनदा खालपासून वरपर्यंत ओढायची. अडकली तर कपडा खाली ठेवायचा, चेन बदलायला जॅकेटच्या किमतीइतके पैसे पडतात. मग मनगटाच्या पट्टीत बोट घालून ताणायचं. सैल पडलेल्या पट्टीतून वारा थेट काखेत जातो. पिसांचं जॅकेट असेल तर एक कप्पा मुठीत दाबून सोडायचा. तो फुगून वर आला तर जीव आहे, चपटाच राहिला किंवा गोळे लागले तर कुणीतरी वॉशिंग मशिनमध्ये त्याची वाट लावली आहे. शेवटी काखेचा वास. बुरशीचा वास धुऊन जात नाही. त्यांनी २०० पेसोंत एक राखाडी फ्लीस उचललं, घरी गरम पाण्यात धुतलं आणि तेच दोन आठवडे वापरलं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या लोकांसाठी एक जादा सूचना, कारण ती कुठल्याच प्रवासी यादीत नसते. कोरड्या थंड हवेत फ्लीस आणि पॉलिस्टरवर स्थिर वीज साठते. सर्किट हाताळण्याच्या विभागात जाण्यापूर्वी बाईंना फ्लीस काढून ठेवायला सांगितलं गेलं. तिथे थर्मलवर सुती शर्ट आणि वर कारखान्याचा कोट चालला. ट्रेनिंग कुठल्या विभागात आहे ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर घेतलेला मधला थर लॉकरमध्ये बसून राहील.

जाड मोजे मनिलातच घेतले, ६०० पेसोंना दोन जोड, लोकर मिसळलेले. आणि पेट्रोलियम जेलीची बाटली व अंगाला लावायचं क्रीम मिळून २५० पेसो. मनिलाची बेरीज ४,६१० पेसो. कोट यात नाही.

पाय, हात, कान

पैसे कमी असतील तर ते कोटावर घालण्याआधी पायांवर घाला, असं माझं मत आहे. कोट थोडा कमी उबदार असला तर माणूस भराभरा चालतो. बूट गारठले की चालवतच नाही. मनिलात ऑफिसला घालतात ते गुळगुळीत तळाचे चामडी बूट सुवॉनच्या फुटपाथवर धोक्याचे ठरतात. दिवसा वितळलेला बर्फ रात्री पुन्हा गोठतो आणि काळ्या रस्त्यावर काचेसारखा दिसेनासा होतो. मनगट मोडलं तर बुटांच्या किमतीची गोष्टच निघणार नाही. तळाला खोल खाचा असलेले, घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत, आणि जाड मोज्यांसह घालून पाहायला हवेत, कारण घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. बाईंनी तिथेच ४९,००० वॉनचे घेतले. मनिलात असे बूट मिळायला अवघड आणि महाग. पुण्या-मुंबईत मात्र खेळाच्या मोठ्या दुकानांत ट्रेकिंगच्या बुटांचा चांगला पर्याय आहे आणि ते पुढे सह्याद्रीतही वापरता येतात. आपल्याकडच्या माणसाने ते इथूनच न्यावेत.

हातमोजे, कानपट्टी, आतले मोजे यांच्यासाठी कोरियात डायसो नावाची साखळी दुकानं आहेत. तिथे कुठलीही वस्तू पाच हजार वॉनच्या वर नाही. फोनची काच ओळखणारे हातमोजे, कान झाकणारी पट्टी, मोज्यांची आणखी एक जोडी, असं सगळं मिळून १२,००० वॉन. ही छोटी खरेदी मनिलात करण्यात अर्थ नाही. आपल्या माणसाने आजीने विणलेली कानटोपी असेल तर बिनदिक्कत न्यावी. डोकं आणि कान झाकल्याने जो फरक पडतो, तो आणखी एका स्वेटरने पडत नाही. सुवॉनच्या बसस्टॉपवर तुमची टोपी कुणी पाहत नाही.

कोट तिथे घ्या

मग विमानतळावर उतरल्यावर अंगात काय? हा प्रश्न सगळ्यांना पडतो आणि भीतीपोटी मनिलातल्या मॉलला गिऱ्हाईक मिळतं. मनिलाहून इंचॉनला जाणारी बरीच विमानं मध्यरात्री निघून पहाटे पोचतात, म्हणजे दिवसातल्या सर्वांत गार वेळी. बाईंनी थर्मल मनिलात घातलेच नाहीत. तिथे घालून विमानतळावर ताटकळलं तर घामाने भिजतात आणि भिजलेले थर्मल घेऊन उतरण्याइतकं वाईट काही नाही. त्यांनी ते हातातल्या बॅगेत ठेवले, इंचॉनच्या स्वच्छतागृहात कपडे बदलले, थर्मलवर शर्ट, त्यावर फ्लीस आणि त्यावर घरातला पावसाळी विंडचीटर. वारा अडवायला विंडचीटर पुरतो. विमानतळावरून रेल्वेने जायचं असेल तर स्टेशनपर्यंत आतूनच जाता येतं, बसने जायचं असेल तर बस लागेपर्यंत आत बसावं. उघड्यावर पाच-दहा मिनिटं, तेवढी निभतात. त्याच दुपारी त्यांनी कोट घेतला.

कोरियात हिवाळी कोट हा रोजच्या वापराचा माल आहे, म्हणून निवड अफाट आणि स्पर्धाही तशीच. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या आधी गुडघ्याखालपर्यंत येणाऱ्या लांब कोटाची तिथे लाटच आली होती. ऑलिंपिकच्या नावाचा कोट १,४९,००० वॉनला निघाला आणि त्यासाठी लोकांनी दुकानाबाहेर रात्र काढली. आता ती लाट ओसरली आहे, आणि ओसरलेल्या फॅशनचा कोट तितकाच उबदार असतो. जानेवारीत सेल सुरू होतात. बाईंना ६९,९०० वॉनला गुडघ्यापर्यंतचा, टोपीचा कोट मिळाला.

लेबल वाचताना दोन आकडे पाहा. पिसांच्या कोटावर मऊ पिसं आणि जाड पिसं यांचं प्रमाण लिहिलेलं असतं, जसं ८०/२० किंवा ९०/१०. पहिला आकडा मोठा तेवढी ऊब जास्त आणि किंमतही. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या काही नामवंत ब्रँडांच्या कोटांत लेबलवर लिहिल्याप्रमाणे पिसं नसल्याचं उघड झालं होतं, तेव्हा फार चढ्या आकड्यासाठी फार पैसे मोजू नका. दोन आठवड्यांच्या कामाला कृत्रिम भरावाचा कोटही चालतो. तो भिजला तरी ऊब टिकवतो आणि घरी धुता येतो.

अजून स्वस्त हवं असेल तर एक नंबरच्याच मेट्रोने सोलला दोंगम्यो स्टेशनपर्यंत जा. तिथे देवळाच्या भिंतीलगत जुन्या कपड्यांचे ढीग लागतात आणि म्हातारे-तरुण सगळे त्यात हात घालून उभे असतात. दहा-वीस हजार वॉनमध्ये कोट निघतो. ज्याने उकाय-उकायमध्ये नजर तयार केली आहे त्याला इथे शिकायचं काही नसतं. अडचण वेळेची. शनिवारीच जाता येणार असेल तर पहिल्या आठवड्यात काय घालणार?

फिलिपिनो माणसासाठी आणखी एक दार आहे. दर रविवारी सोलच्या हेह्वा भागातल्या कॅथलिक चर्चमध्ये तागालोग भाषेतली प्रार्थना होते आणि बाहेर फिलिपिनो बाजार भरतो. २००४ पासून सरकारी करारान्वये कोरियात कारखान्यांत काम करायला येणारे फिलिपिनो कामगार तिथे जमतात. बाई तिथे भात आणि आदोबो खायला गेल्या, तर एका कामगार महिलेने मायदेशी परतलेल्या मैत्रिणीचा कोट वापरायला देऊ केला, जाताना परत आणून द्या म्हणाली. बाईंचा कोट घेऊन झाला होता. आपल्या माणसाने हाच धडा घ्यावा: कंपनीतून आधी कोण जाऊन आलं ते शोधा आणि त्याच्या कपाटातला कोट मागा. वर्षभर तो नुसता लटकलेला असतो.

कोट आणि बूट दुकानातून घेतले असतील तर पासपोर्ट बरोबर ठेवा. कोरियात वस्तूच्या किमतीत १० टक्के मूल्यवर्धित कर असतो. करपरताव्याची पाटी असलेल्या दुकानात एका वेळी १५,००० वॉन किंवा जास्त खरेदी केली तर परदेशी पाहुण्याला त्याचा काही भाग परत मिळतो, बऱ्याच ठिकाणी तिथल्या तिथे. मधली कंपनी आपलं शुल्क कापते, म्हणून पूर्ण दहा टक्के हातात येत नाहीत. बाईंना दोन्ही मिळून साधारण ८,००० वॉन सुटले.

पावतीवर न दिसणारे खर्च

इथे लोकांचा हिशेब चुकतो. मनिलात बाई कुठलंही दहा-बारा मिनिटांचं अंतर चालत जात. सुवॉनला लाट आली त्या आठवड्यात जेवून परत येताना त्यांनी टॅक्सीला हात केला, मग पुन्हा केला. टॅक्सीचं पहिलं भाडंच ४,८०० वॉन, पहिल्या १.६ किलोमीटरपर्यंत. मेट्रोला १,५५० पुरतात. दोन आठवड्यांत टॅक्सीचे २६,००० वॉन गेले आणि ते सगळे अंतर न झेपल्यामुळे नव्हे, गारठ्यामुळे. हॉटेल निवडायचा अधिकार तुमच्याकडे असेल तर बसस्टॉपला आणि जेवणाच्या ठिकाणाला जवळचं हॉटेल घ्या. रात्रीमागे थोडं महाग पडलं तरी टॅक्सीत वसूल होतं.

हातात धरायची गरम पुडी, तिथे हॉटपॅक म्हणतात, ती कोपऱ्यावरच्या दुकानात हजार-दीड हजार वॉनला एक मिळते आणि खोक्याने घेतली तर बरीच स्वस्त. आत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा वगैरे असतं. हवा लागली की लोखंड गंजू लागतं आणि त्याची उष्णता आठ-दहा तास पुरते. बाहेर पडायच्या दहा मिनिटं आधी फोडावी. काम झालं की हवाबंद पिशवीत घालून ठेवली तर गंजणं थांबतं आणि संध्याकाळी उरलेली ऊब वापरता येते. बाईंनी एकेका पुडीचे असे दोन हप्ते पाडले, तरी १४,००० वॉन गेले. चिकटणारी पुडी कधीही थेट कातडीवर लावू नये आणि लावून झोपू तर मुळीच नये. कोमट वाटणारी उष्णताही तासन्‌तास राहिली तर भाजतं. चार्ज होणारे हँड वॉर्मर आणि पॉवर बँक नेणार असाल तर ते सामानात न टाकता जवळच्या बॅगेत ठेवा. शिवाय १ मार्च २०२५ पासून कोरियन विमान कंपन्यांत ते डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई आहे.

कोरडेपणाचा खर्च कुणी धरतच नाही. तापवलेल्या बंद खोलीत हवा इतकी कोरडी होते की तिसऱ्या दिवशी ओठ फुटतात, पाचव्या दिवशी नाकातून रक्ताचा ठिपका येतो आणि माणूस घाबरून डॉक्टरकडे जातो. रात्री ओला टॉवेल खोलीत टांगून ठेवा, नाकाच्या आत जेलीचं बोट फिरवा. तरीही बाईंना ओठांचं मलम आणि हाताचं जाड क्रीम मिळून ९,००० वॉन लागले. कपडे धुण्याच्या नाण्याच्या यंत्रांना १८,००० गेले, कारण थर्मलच्या दोनच जोड्या होत्या. आणखी एक जोडी घेण्यापेक्षा हे स्वस्त पडलं.

बिनपैशाची पण सर्वांत उपयोगी गोष्ट: आंघोळ रात्री करा. मनिलात सकाळी न्हाऊन ओल्या केसांनी बस पकडणाऱ्या बायका सगळीकडे दिसतात, वाऱ्याने केस वाटेतच वाळतात. सुवॉनला पहिल्याच सकाळी बाईंच्या केसांची टोकं बसस्टॉपवर काडीसारखी ताठ झाली. त्यांच्या आईने फोनवर पास्मा होईल म्हणून बजावलं. गरम अंगाला एकदम गार लागलं की शिरा बिघडतात असा तिकडचा समज आहे. आपल्या आया ‘बाधेल’ म्हणतात त्यातलाच प्रकार. वैद्यकीयदृष्ट्या त्याला आधार नाही, पण ओल्या डोक्याने उणे तापमानात जाऊ नये हा सल्ला बरोबरच आहे. आणि कोरियन लोक त्या थंडीत बर्फ घातलेली कॉफी हातात घेऊन चालतात, त्यांच्याकडे पाहून तसं करू नये.

बिल कुणाचं

कोरियातला खर्च १,९७,९०० वॉन, म्हणजे साधारण ७,९०० पेसो. त्यात मनिलाचे ४,६१० मिळवून आणि करपरतावा वजा करून सव्वाबारा हजार पेसोंच्या आसपास, आपले सव्वाअठरा हजार रुपये. मेट्रो मनिलात जुलै २०२५ पासून किमान रोजंदारी ६९५ पेसो आहे, तेव्हा ही साडेसतरा दिवसांची मजुरी झाली. लागुनात दर त्याहून कमी. कंपनीच्या कामासाठी, कंपनीने ठरवलेल्या महिन्यात जाणाऱ्या माणसाने हे का सोसावं? देश सोडताना फिलिपिनो प्रवाशाला वर्षानुवर्षं लागत आलेला १,६२० पेसोंचा प्रवास कर कंपनी एका शब्दाशिवाय भरते, कारण त्याची छापील पावती असते. कोटालाही पावती असते.

विचारायचं कसं, तर जाण्यापूर्वी आणि लेखी. परत आल्यावर लावलेलं बिल लेखा विभाग ‘वैयक्तिक कपडे’ म्हणून परत पाठवतो आणि नियमाने त्याचं चुकत नाही. बाईंनी एचआरला पाठवलेल्या पत्रात तिथलं सरासरी तापमान, उघड्यावरची रोजची मिनिटं आणि वस्तूंची किमतीसह यादी होती, आणि कमाल किती देणार एवढंच विचारलं होतं. त्यांना सहा हजार पेसो मंजूर झाले. साडेदहा हजारांचं जॅकेट घेणाऱ्या गृहस्थांनी विचारलंच नव्हतं. भारतातल्या अनेक आयटी कंपन्यांत थंड देशात पाठवताना गरम कपड्यांचा भत्ता देण्याची पद्धत आहे, कारखान्यांत ती कमी दिसते. आणखी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या: कोरियन भाषेतली पावती चालेल का (नाहीतर कार्डानेच पैसे द्या म्हणजे नोंद राहते), आणि वस्तू तुमची की कंपनीची. दरवर्षी माणसं जात असतील तर कंपनीनेच चार मापांचे कोट घेऊन कपाटात ठेवणं सर्वांत स्वस्त आहे, आणि हा प्रस्ताव व्यवस्थापनाला फार आवडतो असा अनुभव आहे.

परत आल्यावर

कोट परत आणायचा की नाही, हेही गणितच आहे. बऱ्याच स्वस्त विमान कंपन्यांत हातातलं सामान सात किलो धरतात. अंगात किंवा हातावर घेतलेला कोट सहसा तोलत नाहीत, पण बूट बॅगेत गेले की वजन वाढतं, म्हणून परतीला बूट पायातच ठेवावेत. जादा सामानाचे पैसे विमानतळावर भरले तर आधी भरल्याच्या तुलनेत जबर पडतात.

मनिलाच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत पिसांचा कोट कपाटात कोंबून ठेवला तर एका पावसाळ्यात बुरशी धरतो. धुऊन, दोन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळवून, सुती पिशवीत सैल ठेवा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका आणि त्या पुड्या दर पावसाळ्यात बदला. हवा काढून चपट्या करणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत पिसांचा कोट महिनोन्‌महिने ठेवू नका, पुन्हा फुगत नाही. पुढच्या दोन हिवाळ्यांत जाण्याची शक्यता नसेल तर तो लगेच विका. मनिलात डिसेंबरच्या आधी कोरिया-जपानच्या सहलींना निघालेली मंडळी असे कोट शोधत असतात. बाईंनी नोव्हेंबरमध्ये आपला कोट दीड हजार पेसोंना दिला, फ्लीस आणि बूट ठेवून घेतले. आता त्यांच्या कारखान्यातून जो जाणार असतो तो बुटांचं माप विचारायला त्यांच्याच टेबलाशी येतो.